‘आपला रेड इंडियन होईल’

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात दादाने घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. गुहागर-दापोलीकडच्या जमिनी आपली माणसं कशा विकतायत, परप्रांतीय त्या कशा गिळतायत, दलाल कसे गावोगाव फिरतायत, समुद्राकडचा डोंगर कसा कुंपणात गेला, असं सगळं त्यात होतं. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोकणी माणसा, जागा हो, नाहीतर तुझा रेड इंडियन होईल.’

मी उत्तर लिहिलं, ‘दादा, ती माणसं माझ्या घरापासून तासाभरावर राहतात. ती संपलेली नाहीत. आणि त्यांनी जमिनी विकल्या नव्हत्या.’

दादाचं उत्तर लगेच आलं. ‘बाय, तू गाव सोडून गेलीस. तिकडे बसून आम्हाला शिकवू नको.’

खाली सगळ्या भावंडांचे अंगठे. माझ्या सख्ख्या मावशीचाही. त्या रात्री मला झोप आली नाही. ‘गाव सोडून गेलीस’ याचा राग आला हे खरं, पण तो राग ओळखीचा आहे, वीस वर्षं ऐकतेय. ‘रेड इंडियन’चं वाक्य मात्र अंगाला लागून राहिलं. मी व्हर्जिनियात राहते. हेन्रायको काउंटीत, रिचमंडच्या पश्चिमेला. ज्या ‘रेड इंडियन’ची दादा भीती घालतो त्याची गोष्ट इथेच सुरू झाली आणि इथेच चालू आहे. ती दादाला माहीत नाही याचा मी त्याला दोष देत नाही. आपल्या शाळेत अमेरिका म्हणजे कोलंबस आणि त्यानंतर एकदम वॉशिंग्टन. पण एखाद्याच्या दुःखाचा दाखला द्यायचा असेल तर आधी ते दुःख नीट समजून घ्यावं, एवढी माझी मागणी आहे.

बाबा २०१२ च्या उन्हाळ्यात इथे आले होते. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, संपानंतर गावी परतला आणि शेवटची तीस वर्षं भाताची खाचरं आणि आगर यांतच रमला. मॉलमध्ये त्यांचा जीव घाबरायचा. म्हणून एका रविवारी आम्ही त्यांना आय-६४ महामार्गावरून जेम्सटाउनला नेलं, इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत जिथे उभी राहिली तिथे. वाटेत वावा नावाच्या पेट्रोलपंपावरच्या दुकानात थांबलो, त्यांनी कॉफी घेतली नाही, घरून नेलेला थर्मासमधला चहा प्यायले. नदीकाठी उभे राहून त्यांनी बराच वेळ पाणी आणि माती बघितली. मग विचारलं, ‘ह्याचा सातबारा आधी कुणाच्या नावावर होता?’

तोपर्यंत मी तिथे चार वेळा जाऊन आले होते. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तर उत्तर असं. १६०६ च्या डिसेंबरात लंडनहून तीन जहाजं निघाली. सुसान कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी. १६०७ च्या मे महिन्यात १०४ पुरुष आणि पोरं या काठावर उतरली. धनी होता व्हर्जिनिया कंपनी. त्या कंपनीचा कारभारी सर थॉमस स्माइद हा ईस्ट इंडिया कंपनीचाही पहिला गव्हर्नर. म्हणजे सुरतेला वखार टाकणारे आणि जेम्सटाउनला कुडाचं कुंपण घालणारे लोक लंडनच्या एकाच वर्तुळातले होते. दादा, तुझा इंग्रज आणि इथल्या मूळच्या पाउहाटन लोकांचा इंग्रज एकाच घरातला.

हा प्रदेश रिकामा नव्हता. त्याला नाव होतं, त्सेनाकोमाका. तीसेक जमातींवर वाहुनसेनाकाव्ह नावाच्या राजाचा अंमल होता, इंग्रज त्याला आणि त्याच्या लोकांनाही पाउहाटन म्हणत. लोकसंख्या चौदा-पंधरा हजारांच्या आसपास. इंग्रजांनी जागा निवडली ती दलदलीची, कारण तिथे किनाऱ्यालगत पाणी खोल होतं, जहाज झाडाला बांधता यायचं. प्यायचं पाणी मचूळ. आलेल्यांत स्वतःला सरदार समजणारे बरेच, आणि हाताने नांगर धरणारे थोडे. पहिली वर्षं ते जगले ते पाउहाटनांच्या मक्यावर. कधी मागून, कधी बदल्यात तांबं देऊन, कधी बंदूक दाखवून.

१६०९-१० चा हिवाळा त्यांना भोवला. दुष्काळ, वेढा, रोगराई. कुंपणाच्या आत तीनशेच्या आसपास माणसं होती, वसंतात साठेक उरली. घोडे, कुत्री, उंदीर, चपलांचं कातडं, सगळं खाल्लं. त्याहून पुढेही गेले. २०१२ मध्ये उत्खननात एका चौदा वर्षांच्या इंग्रज मुलीची कवटी सापडली, तिच्यावर सुरीच्या आणि कुऱ्हाडीच्या खुणा होत्या. संशोधकांनी तिला ‘जेन’ असं नाव दिलं आणि २०१३ मध्ये जाहीर केलं की मेल्यावर तिला खाल्लं गेलं. तिची हाडं तिथल्याच संग्रहालयात ठेवली आहेत. शाळेच्या सहली येतात. माझ्या मुलानेही ती चौथीत बघितली आणि घरी येऊन रात्रभर माझ्या कुशीत झोपला.

मला हे आवडतं, स्पष्टच सांगते. आपल्या पायाभरणीत काय घडलं ते मुलांसमोर मांडायची हिंमत मला इथे दिसते. आपल्या गावात खोताच्या वाड्यावर वेठीला जाणारी माझी पणजी बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी पुन्हा कांडायला गेली, ही गोष्ट आमच्या घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरात सांगितली म्हणून मला कळली. वाड्याच्या दारात त्याचा फलक नाही, पुस्तकात ओळ नाही. वाडा मात्र आता ‘हेरिटेज होमस्टे’ आहे. दादाने कधी त्यावर ग्रुपवर लिहिलेलं मी पाहिलं नाही. (इथेही शाळेच्या पुस्तकांवरून भांडणं होतात, काय शिकवावं यावर निवडणुका लढल्या जातात. ते मला ठाऊक आहे. तरी जेनची कवटी काचेत आहे, ती कुणी उचलून नेलेली नाही.)

आता जमीन. दादाचं म्हणणं, त्यांनी विकली म्हणून ते संपले.

१६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने वेस्ट इंडीजकडचं गोडसर तंबाखूचं बी इथे लावलं. लंडनला ते चाललं आणि वसाहतीला पहिल्यांदा पैसा दिसला. तंबाखू जमीन खाते. तीन-चार पिकांत कस जातो, मग नवी जमीन लागते. आणि मजूर लागतात, पोरांइतकी निगा मागणारं पीक आहे ते. म्हणून कंपनीने १६१८ मध्ये नियम केला, जो कुणी स्वतःच्या खर्चाने एक माणूस इथे आणेल त्याला माणशी पन्नास एकर. डोकं मोजायचं, जमीन द्यायची. जमीन कुणाची, हे विचारायचं नाही.

न विचारण्यामागे त्यांचं एक कारण होतं, आणि ते मला दादाच्या बाजूचं वाटतं म्हणून लपवत नाही. पाउहाटनांमध्ये शेती बायका करत. मका, घेवडा, भोपळा एकत्र लावत, कस गेला की शेत सोडून दुसरीकडे जात, काही वर्षांनी परत येत. पुरुष शिकारीला आणि मासेमारीला. इंग्रजांनी बघितलं की पुरुष नांगर धरत नाही, बांध नाही, कुंपण नाही. त्यांनी ठरवलं, ही जमीन पडीक आहे.

पडीक. हा शब्द मी कोकणातल्या दलालाच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. ‘ताई, वरकस आहे, पडीक आहे, वर्षाला काय येतं त्यातून?’ त्या कातळावर पावसाळ्यात चार महिने गुरं चरत, आई रानभाज्या खुडे, सड्यावरच्या डबक्यांत आम्ही खेकडे पकडत असू. गवताच्या विक्रीतून माझी शाळेची फी भरली गेली. पण कागदावर ती पोटखराबा होती. दादा, इथे तुझं बरोबर आहे. ‘पडीक’ म्हणणाऱ्यापासून जपून राहावं.

पण त्यापुढे तुझी तुलना मोडते. पाउहाटनांच्या हाती कुणी साठेखत दिलं नव्हतं. १६२२ च्या मार्चमध्ये पाउहाटनांचा प्रमुख ओपेचानकॅनो याच्या लोकांनी एका सकाळी ३४७ वसाहतवाले मारले. मग दहा वर्षं दोन्हीकडून कत्तल चालली, उभी पिकं जाळली गेली. १६४४ मध्ये म्हाताऱ्या ओपेचानकॅनोने पुन्हा प्रयत्न केला. १६४६ चा तह झाला त्यात यॉर्क नदीच्या उत्तरेचा भाग त्यांना ‘राखून’ दिला. नदीच्या दक्षिणेकडे यायचं तर निरोप्याने पट्ट्यापट्ट्यांचा कोट घालायचा, नाहीतर गोळी. ज्या नदीवर जन्मले तिच्या अल्याड यायला परवानगीचा कोट. आणि तीन वर्षांत उत्तरेचा भागही वसाहतवाल्यांना खुला झाला. याला विक्री म्हणत नाहीत.

त्याच डोकी मोजण्यात आपला माणूसही सापडतो. १६३५ च्या व्हर्जिनियातल्या जमिनीच्या कागदात एका इंग्रजाने आणलेल्या डोक्यांच्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. ईस्ट इंडिया म्हणजे तेव्हा गोव्यापासून जावापर्यंत काहीही असू शकतं. त्याचं घरचं नाव काय होतं, आईने कोणत्या नावाने हाक मारली असेल, काही उरलेलं नाही. त्याच्या डोक्यावर दुसऱ्याला पन्नास एकर मिळाले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. उठून बाहेर गेले आणि गाडीत बसून रडले. आम्ही इथे पहिले आलो ते कुणाच्या तरी सातबाऱ्याचं कारण म्हणून आलो.

टोनीच्याही सोळा वर्षं आधी, १६१९ च्या ऑगस्टअखेर, पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली आणि धान्याच्या मोबदल्यात दिली. पोर्तुगीजांच्या जहाजावरून लुटलेली, अंगोलाची माणसं. त्याच उन्हाळ्यात महिनाभर आधी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतीची पहिली निवडून आलेली सभा भरली होती. इथले लोक आजही भांडतात की देशाची सुरुवात जुलैतली धरायची की ऑगस्टमधली. १६२५ च्या शिरगणतीत अँजेला नावाची एक बाई दिसते, त्या पहिल्या काही जणांतली. उत्खननवाले ती राहायची त्या घराची जागा खणून बघत होते तेव्हा आम्ही गेलो होतो. आणि १६६२ मध्ये कायदा झाला की मूल गुलाम की मुक्त हे आईवरून ठरेल. बाप गोरा मालक असला तरी मूल आईसारखं गुलाम. ज्यांच्या राज्यात वारसा बापाकडून चालायचा त्यांनी या एका बाबतीत तो आईकडून चालवला, कारण त्यात फायदा होता.

वारशाची गोष्ट निघाली म्हणून कोकाकोएस्केबद्दल सांगते. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी खरं तर लिहायला बसले.

पाउहाटनांत राजेपण आईच्या बाजूने जायचं. राजानंतर त्याचे भाऊ, मग बहिणी, मग बहिणींची मुलं. कोकाकोएस्के ही पामंकी जमातीची राणी. तिचा नवरा टोटोपोटोमोय १६५६ मध्ये इंग्रजांच्या बाजूने लढताना मेला, त्याच्याबरोबर त्याचे बरेचसे योद्धे मेले. ती लढाई आजच्या रिचमंडमध्ये झाली, मी रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जाते त्याच्या पलीकडे. इंग्रजांनी त्याबद्दल काहीही दिलं नाही. वीस वर्षांनी, १६७६ मध्ये, नॅथॅनियल बेकन या वसाहतवाल्याचं गव्हर्नरविरुद्धचं बंड उभं राहत असताना वसाहतीच्या सभेने तिला जेम्सटाउनला बोलावलं आणि विचारलं, आमच्यासाठी किती माणसं देणार?

ती आली. डोक्यावर काळ्या-पांढऱ्या शंखमण्यांचा मुकुट, खांद्यापासून पायापर्यंत झालरीचं हरणाचं कातडं. एका बाजूला दुभाष्या, दुसऱ्या बाजूला विशीतला मुलगा. इंग्रजी तिला कळत असावं असं तिथल्यांना वाटत होतं, पण ती बोलली स्वतःच्या भाषेत. पुन्हा पुन्हा विचारल्यावर ती पाव तासभर संतापाने बोलली, आणि त्यात दोन शब्द परत परत येत होते, ‘टोटोपोटोमोय चेपिअॅक’. टोटोपोटोमोय मेला. सभेत एकाने दुसऱ्याच्या कानात अर्थ सांगितला. अध्यक्षाने सांत्वनाचा शब्द काढला नाही, पुन्हा विचारलं, किती माणसं? तिने तोंड फिरवलं. मग म्हणाली, सहा. आणखी खेचल्यावर म्हणाली, बारा. तिच्याकडे दीडशे होती असं तिथल्या लेखकानेच लिहून ठेवलंय. मग एक शब्द न बोलता निघून गेली.

तरीही बेकनचे लोक तिच्याच मागे लागले. ज्यांच्याशी वैर होतं ते सापडले नाहीत, म्हणून दलदलीत लपलेल्या पामंकींवर हल्ला केला, काही मारले, ४५ धरून नेले. राणी रानात पळाली. त्या सप्टेंबरात बेकनने जेम्सटाउनही जाळलं.

पुढच्या वर्षी, १६७७ च्या मेमध्ये, याच बाईने तहावर खूण केली. तहात तिच्या लोकांच्या जमिनीवर त्यांचा हक्क लिहिला गेला. मोबदला म्हणून वर्षाला तीन बाण आणि वीस बीव्हरची कातडी. आजही दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, पामंकी आणि मॅटापोनाय जमातींचे प्रमुख रिचमंडला गव्हर्नरच्या घरी हरीण घेऊन येतात. मी ऑफिसातून चालत जाऊन तो सोहळा बघितला आहे. पायऱ्यांवर हरीण ठेवतात, दोन शब्द बोलतात, फोटो काढतात. माझ्या शेजारी उभी असलेली बाई हळहळली, अजून खंडणी भरायला लावतात बिचाऱ्यांना. मला तसं वाटलं नाही. साडेतीनशे वर्षांत एकदाही चुकवलं नाही, कारण आपण चुकवलं तर समोरचा म्हणेल, तह संपला, तुम्ही संपलात.

आणि संपवायचा प्रयत्न तर झालाच. १९२४ मध्ये व्हर्जिनियाने वंशशुद्धीचा कायदा केला. जन्मदाखल्यावर दोनच रकाने, गोरा आणि काळा. जन्ममृत्यू नोंदणीचा प्रमुख वॉल्टर प्लेकर याने ‘इंडियन’ लिहिलेले दाखले हाताने बदलले. माणसं जिवंत, नदीत मासे धरतायत, आणि कागदावर त्यांची जमातच नाही. (जे गोरे स्वतःला पोकाहोंटसचे, म्हणजे पाउहाटन राजाच्या मुलीचे, वंशज म्हणवत त्यांच्यासाठी मात्र कायद्यात सवलतीचं कलम ठेवलं होतं.) त्या खाडाखोडीमुळे पामंकींना वॉशिंग्टनच्या, आपल्या दिल्लीसारख्या दूरच्या, केंद्र सरकारपुढे आपण आहोत हे सिद्ध करायला २०१५ उजाडलं. त्यांच्याकडे आज बाराशे एकरांच्या आसपास जमीन आहे, किंग विल्यम काउंटीत, नदीच्या वळणात. लहानसं संग्रहालय आहे, शॅड माशाची पिल्लं वाढवून नदीत सोडायचं केंद्र आहे. दादा, हे तुझे संपलेले रेड इंडियन.

आता तुझ्या-माझ्या गावाकडे येते.

आपण ‘मूळचे’ म्हणजे किती मूळचे? आपली खाचरं आजोबांच्या नावावर आली ती कुळकायद्याने, १९५७ नंतर. त्याआधी सगळं खोताचं होतं. खोती मोडायचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी त्याच दशकात वर्षानुवर्षं जमिनी न कसता संप केला. कुणीतरी भांडलं म्हणून आपल्याला सातबारा दिसला. तू ‘वडिलोपार्जित’ म्हणतोस तेव्हा मला कागदावरच्या दोनच पिढ्या दिसतात, आणि त्या आधी पाठीवरच्या ओझ्याच्या कितीतरी. आणि आपल्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवणारे कोण होते? त्या कातळशिल्पांची नोंद युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये झाली. ती कोरणाऱ्यांची भाषा, नाव, देव, काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्यांच्यापुढे आपण सगळे काल उतरलेले.

तू म्हणतोस बाहेरचे नकोत. तुझ्या कलमांची राखण कोण करतं? नेपाळहून आलेलं कुटुंब, गेली नऊ वर्षं. त्यांची मुलगी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्या मुलापेक्षा चांगलं मराठी लिहिते. मी ते बघून आले आणि मला लाज वाटली, आनंदही झाला. ती मुलगी परकी का? मग मी इथे कोण?

माझ्या मुलाच्या शाळेच्या अर्जात एका रकान्यात ‘अमेरिकन इंडियन’ आणि दुसऱ्या रकान्यात ‘एशियन’ असं असतं. पहिलीत बाईंनी त्याला विचारलं, तू कोणत्या प्रकारचा इंडियन? कोलंबसची चूक माझ्या पोराला निस्तरावी लागली. तो घरी येऊन म्हणाला, ‘आई, आपण ज्यांची जमीन घेतली ते की ज्यांनी घेतली ते?’ मी म्हटलं, आपण दोन्ही नाही, आपण नंतर आलो. सहा वर्षांच्या मुलाला ते पटलं. मला पटलं नव्हतं.

कारण आता जे सांगणार आहे ते ग्रुपवर कधीच लिहिलं नाही.

बाबा २०१५ मध्ये गेले. वारस म्हणून आई, दादा आणि मी लागलो. २०१७ मध्ये कातळाचा तुकडा विकला. गिऱ्हाईक बाहेरचं होतं, शेतकरी असल्याचा दाखला कुठल्यातरी जिल्ह्यातून आणलेला. दादाला घराचं छप्पर घालायचं होतं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मी एक दिवस रजा काढून वॉशिंग्टनला वकिलातीत गेले, कुलमुखत्यारपत्रावर सही केली, शिक्का घेतला, कुरियरने पाठवलं. मजकूर पूर्ण वाचलाही नाही. माझ्या वाट्याचे पैसे आले. २०१८ मध्ये आम्ही हे घर घेतलं, तेव्हा डाउन पेमेंटमध्ये ते पैसे घातले.

म्हणजे आईच्या रानभाज्यांचा कातळ विकून मी पाउहाटनांच्या जमिनीवर पाव एकर घेतलं. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की होण्याच्या दिवशी वकिलाने टायटल, म्हणजे आधीच्या मालकांचा माग, शोधून दिलं, कागद एका शेतकऱ्यापर्यंत मागे जात होता. त्याच्या मागचं कुणी शोधलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी बाबांचा प्रश्न ऐकलेली बाई. आता कातळावर उंच जांभ्याची भिंत आहे, फाटकावर पहारेकरी. गेल्या मे महिन्यात गेले तर त्याने मला अडवलं आणि विचारलं, कुणाला भेटायचंय?

तेव्हा दादा, ‘रेड इंडियन होईल’ म्हणू नको. त्यांच्याकडून हिसकावलं. आपण सही केली. तुझीही आहे, माझीही आहे, आईचा अंगठा आहे.

आणि आता दुसऱ्या सहीचा विषय. गेल्या दिवाळीपासून माझ्या टेबलाच्या खणात हक्कसोडपत्राचा मसुदा पडून आहे. उरलेलं घर, आगर, भाताची खाचरं यांवरचा माझा वाटा मी दादाच्या नावे सोडावा. ‘तू कुठे येणार आहेस कसायला? जमीन घरात राहू दे.’ दादा कसतो, हे मी शंभरदा मान्य करेन. पावसात गुडघाभर चिखलात तो असतो, मी नसते. आत्याने सोडला, मावशीने सोडला, आपल्याकडे बहिणी माहेरची साडी घेऊन सही करतात. कायदा १९९४ मध्येच मुलींच्या बाजूचा झाला, देशभर २००५ मध्ये झाला, पण माजघरात तो अजून शिरलेला नाही. पामंकींकडेसुद्धा, ज्यांची राणी जेम्सटाउनच्या सभेला पाठ दाखवून निघून गेली त्यांच्याकडे, बायकांना मत द्यायचा आणि पंचांत बसायचा हक्क २०१२ मध्ये परत मिळाला. मी तिथल्या संग्रहालयात हे वाचलं तेव्हा मला दादाची आठवण झाली.

२०१९ मध्ये मी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर मला महाराष्ट्रात फ्लॅट घेता येतो, गुंठाभर शेतजमीन विकत घेता येत नाही. ती फक्त वारशाने येऊ शकते. म्हणजे मी ही सही केली तर उद्या पैसे असून, मन असून, म्हातारपणी परतायची इच्छा असूनही आमच्या गावची मूठभर खाचर मला कधीच घेता येणार नाही. कुठल्यातरी जिल्ह्यातून दाखला आणणारा परप्रांतीय ती घेईल. मी नाही घेऊ शकणार.

परतणार आहेस का, असं दादा विचारतो. मला माहीत नाही. इथे पहिला बर्फ पडला की मला आगरातल्या ओल्या पाचोळ्याचा वास आठवतो, आणि गावी चौथ्या दिवशी मला माझ्या मुलाची, माझ्या मागच्या अंगणातल्या डॉगवुडच्या झाडाची आठवण येते. पण परतायची खात्री नाही म्हणून नावही पुसायचं, हे मला जमत नाहीये. दादा ‘गाव सोडून गेलीस’ म्हणतो तेव्हा ते आमच्या वडिलांनाही लागू होतं हे त्याच्या लक्षात येत नाही. बाबाही वीस वर्षं परळला होते. तेही चाकरमानी. त्यांना कुणी म्हटलं नाही की तुम्ही सोडून गेलात, हक्क सोडा.

पालखीची वर्गणी मी दर वर्षी पाठवते, २००४ पासून एकदाही चुकवलेली नाही. नोकरी गेली होती त्या वर्षीही पाठवली. पालखी आमच्या अंगणात येते, आई ओटी भरते, दादा व्हिडिओ लावतो, आम्ही इथे रात्री अडीचला उठून बघतो. पावती मात्र नेहमी दादाच्या नावाची फाटते. मी कधी हरकत घेतली नाही.

यंदा शिमग्याला पैसे पाठवताना मी देवस्थानच्या खजिनदार काकांना वेगळा फोन केला. म्हटलं, काका, ह्या वेळी पावती माझ्या नावाने फाडा. माहेरचं आडनाव लिहा. पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही, नंतर ढोल वाजत असल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, ‘पत्ता काय लिहू?’

मी गावचा सांगितला.